रिंग आली का बघ

गॅरेजवाल्याने हात पुसला आणि तळवा बाबांच्या पुढे धरला. त्यावर दोन रबरी रिंगा होत्या, तेलाने माखलेल्या. एक गुबगुबीत, नवी. दुसरी चपटी झालेली, वाळून कडक, एका जागी चिरलेली. "काका, हे बघा. जुनी रिंग जुन्या फिल्टरबरोबर निघून यायला हवी, ती इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि नवा फिल्टर तिच्यावरच बसला. रिंगेवर रिंग. मग ऑइल गळणार नाही तर काय होणार?" तो उद्धटपणे बोलत नव्हता. उलट बाबांनी बस डेपोत एकतीस वर्षं फिटर म्हणून काढलीत हे त्याला ठाऊक असल्यामुळे तो अवघडला होता, हेडमास्तरांची चूक दाखवायची पाळी आलेल्या पोरासारखा. बाबांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि त्या रिंगांकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी विचारलं होतं ना रे तुला? रविवारी, जुना फिल्टर तुझ्या हातात दिला तेव्हा? रिंग आली का बघ, म्हणून?" माझ्या उजव्या हाताला ताई उभी होती, पर्स पोटाशी धरून, शाळेत पोरांच्या रांगेसमोर उभी राहते तशी. आणि मी म्हणालो, "आठवत नाही, बाबा."

आठवत होतं. लख्ख आठवत होतं. विचारताना त्यांचा आवाज गाडीखालून कसा आला, दबलेला, थोडा घुमलेला, तेसुद्धा आठवत होतं. आता कुणी म्हणेल, मग असं का बोललास? मीही तेव्हापासून स्वतःला हेच विचारतोय. उत्तर एवढंच सापडतं की माझं तोंड माझ्यापेक्षा चपळ आहे. मी विचार करायला बसेपर्यंत ते बोलून मोकळं झालेलं असतं. माझी नोकरीच तशी आहे. कपडे धुण्याची यंत्रं आणि फ्रीज विकणाऱ्या एका कंपनीत मी फोनवर तक्रारी घेतो. दिवसाला साठ-सत्तर माणसं माझ्या कानात ओरडतात आणि मी त्यांना "हो, बघतो", "नोंद घेतली", "बघून सांगतो" असं म्हणतो. बघत काहीच नाही. बघायचं काम दुसऱ्या खात्याचं. पंधरा वर्षं न बघता 'बघितलं' म्हणायची सवय जडल्यावर ती घरी येताना चपलांसारखी दाराबाहेर थोडीच काढून ठेवता येते?

त्या रविवारीही तेच झालं. बाबा चौऱ्याहत्तरचे, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, पण ऑइल बदलायला गाडी गॅरेजात न्यायची म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "का? माझे हात काय मोडलेत?" मग इमारतीच्या पार्किंगमध्ये जॅक लावायचा, लोखंडी स्टँड सरकवायचे, पोत्याचा तुकडा अंथरायचा, आणि हे महाशय उताणे होऊन आत. मला फक्त वस्तू द्यायच्या-घ्यायच्या, आणि विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. हा त्यांचा डेपोतला रिवाज. गाडीखाली झोपलेल्या माणसाला अर्धं दिसत नाही, म्हणून तो विचारतो. बाहेर उभा असलेला बघतो आणि मोठ्यांदा सांगतो. एकदा सांगितलं की खालच्याने पुन्हा तपासायचं नाही. तपासलं तर बाहेरच्याचा अपमान. त्यावरून डेपोत दोन फिटरांचा वर्षभर अबोला होता म्हणे. एकाने दुसऱ्याचं 'घट्ट आहे' ऐकून घेतलं आणि तरी पाना लावून बघितला, एवढंच निमित्त. लहानपणी ही गोष्ट ऐकून मी हसायचो. बाबा नाही हसायचे. ते म्हणायचे, "बरोबर होतं रागावणाऱ्याचं. तोंडच्या शब्दावर बसचे पन्नास जीव रस्त्यावर जातात."

तर चेंबरचा नट निघाला, जुनं ऑइल घमेल्यात पडलं, आणि मग बाबांनी फिल्टर हातानेच फिरवून काढला आणि गाडीच्या कडेने बाहेर सरकवला. "राजे, रिंग आली का बघ त्याच्यावर." लाडात आले की मी राजे. ऑइल बदलताना ते नेहमी लाडात असत. त्याच वेळी माझा फोन वाजत होता. ऑफिसातला वरिष्ठ. कुणाच्या तरी घरात आमच्या यंत्राने गुडघाभर पाणी केलं होतं आणि रविवार असूनही मीच त्याला हवा होतो. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, फिल्टर एका हातात, तोही शर्टाला लागू नये म्हणून अंगापासून लांब धरलेला. मी फोनमध्ये म्हणालो, "हो सर, बघतो," आणि गाडीखाली म्हणालो, "आलीय." एकाच श्वासात दोन्ही. फिल्टरकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं. खालून "बरं" आलं. बाबांनी नव्या फिल्टरच्या रिंगेवर बोटाने तेल फिरवलं, अगदी बाळाला लावावं तसं, आणि तो जागेवर बसवला.

मंगळवारी सकाळी वॉचमन म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीखाली काहीतरी सांडलंय." ताटलीएवढा डाग होता. मी हे घरी सांगितलं तर बाबा चहा अर्धा टाकून खाली आले. ऑफिसला उशीर होत होता तरी मी तिथेच थांबलो, कारण गळती शोधताना त्यांना बघणं हा एक प्रकार होता. घाई नाही, चिडचिड नाही. आधी गाडीखालचा सगळा भाग फडक्याने कोरडा केला. मग चिमणीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या पावडरचा डबा मागवला आणि पुसलेल्या भागावर पावडर उडवली. पांढऱ्यावर काळा ओघळ लगेच दिसतो. इंजिन चालू करून ते जमिनीला गाल टेकवून बघत राहिले आणि एकेक संशयित सोडून देत गेले. "चेंबरचा नट नाही, कोरडा आहे. वरून झाकणातून येतंय म्हणावं तर तेही नाही. फिल्टरच्या कडेने येतंय. पण रिंग तर आलेली आहे, म्हणजे ते नाही. सैल राहिला असेल." त्यांनी फिल्टर पाव फेरा आणखी आवळला. 'रिंग तर आलेली आहे' हे ते स्वतःशीच बोलले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गरजच नव्हती. मी सांगितलं होतं ना! त्या वेळी मला काही टोचलं का? खोटं कशाला बोलू, टोचलं. बारीकसं. फिल्टर डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला तर फक्त फोनमधला आवाज आठवला. पण गळती थांबली होती, मला उशीर झाला होता, आणि टोचलेलं झटकून टाकण्यात मी पटाईत आहे. त्या रात्री त्यांनी गाडीखाली पुठ्ठा ठेवला. बुधवारी सकाळी तो कोरा निघाला तर म्हातारा केवढा खूश! चिमणीला पुठ्ठा दाखवत म्हणाले, "बघ, आहे का एक तरी थेंब? तुझा आजोबा अजून कामाचा आहे."

गुरुवारी संध्याकाळी ते चिमणीला पोहायच्या क्लासला घेऊन निघाले. आठवड्यातून तीन दिवस हे काम त्यांचं होतं. आई गेल्यापासून घरातली बाकीची कामं आम्ही प्रेमाने त्यांच्या हातातून काढून घेतली होती. हे एक उरलं होतं. त्यासाठी ते दुपारपासून दाढी करून तयार असत. पुलावर चढताना गाडीतला तेलाचा लाल दिवा लागला. बाबांनी पुढच्या दहा पावलांत गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, चिमणीला कठड्याच्या आतल्या बाजूला उभं केलं आणि मला फोन लावला. मी पोचलो तेव्हा पुलाच्या चढावर लांबच लांब काळा ओघळ होता आणि हे दोघं कठड्याला टेकून खालून जाणाऱ्या गाड्यांचे रंग मोजत होते. दिवा लागल्यावर आणखी मिनिटभर गाडी पळवली असती तर इंजिन जाम होऊन ती भर पुलावर थांबली असती. हे गॅरेजवाल्याने दुसऱ्या दिवशी स्वतःहून सांगितलं. पण ते कुणी ऐकून घेतलं नाही. माझी बायको ओरडली नाही, रडली नाही, तिने चिमणीचा टॉवेल पिशवीतून काढून वाळत घातला. तो कोरडाच होता, तरी वाळत घातला. ताईला तिनेच फोन केला असणार. शुक्रवारी सकाळी ताई शाळेतून रजा टाकून थेट गॅरेजवर हजर.

ताई काही खाष्ट नाही. घरात सगळ्यांत जास्त खस्ता तिनेच काढल्या आहेत, त्यामुळे तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती होत नाही एवढंच. आईचं सगळं तिने केलं. आई चार वर्षं हळूहळू पुसली गेली. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायची, मग रस्ता, मग आम्हाला. ताई तेव्हापासून माणसांमध्ये खुणा शोधते. बाबांनी एकच किस्सा दोनदा सांगितला की ती माझ्याकडे बघते. त्यांनी दूध उतू घालवलं की तिचा फोन येतो. आणि बाबा? बाबांनाही तीच भीती, ताईहून जास्त. ते कुणाला सांगत नाहीत, पण आंघोळ करताना रोज मोठ्यांदा एक-पाच-तीन-सहा-दोन-चार असं म्हणतात, बसच्या सहा सिलिंडरांचा पेटण्याचा क्रम, आणि मग डेपोतल्या जुन्या गाड्यांचे नंबर, उलटे, सुलटे. बायकोला वाटायचं म्हातारा गाणी म्हणतो. मला माहीत होतं की तो रोज सकाळी स्वतःची परीक्षा घेतो आणि पास झाला की टॉवेल गुंडाळून बाहेर येतो. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी.

'आठवत नाही, बाबा.' हे मी म्हणालो तेव्हा मला वाटलं होतं की मी अगदी किरकोळ काहीतरी बोललो. 'नाही' म्हणालो असतो तर ते खोटं झालं असतं. 'हो' म्हणालो असतो तर ताईने तिथेच, गॅरेजात, पान्यांच्या आणि टायरांच्या साक्षीने माझी शाळा घेतली असती. पोटची पोर त्या गाडीत बसणार आणि तू फोनवर? आणि ती बरोबरच बोलली असती. मी मधला रस्ता शोधला. मला काय माहीत की त्या मधल्या रस्त्यावरच बाबा उभे होते! त्यांचा चेहरा आधी नुसता थांबला. मग ते आत काहीतरी शोधू लागले. मला ते दिसत होतं, कपाटात हात घालून वस्तू चाचपावी तसे डोळे फिरत होते. "मला तर वाटतंय मी विचारलं," ते म्हणाले. गॅरेजवाल्याने रिंगा फडक्यावर ठेवल्या आणि उगाच दुसऱ्या गाडीकडे गेला. "मग विचारलं नसेल," बाबा म्हणाले. "नुसतं विचारावं असं मनात आलं असेल, आणि मला वाटलं असेल की विचारलं. होतं असं." त्यांच्या डोक्यावरून ताईने माझ्याकडे बघितलं, ते आमचं जुनं बघणं, आईच्या वेळचं. आणि मी मान हलवली. बाबा, ही मान हलवल्याची गोष्ट मी तुम्हाला अजून सांगितलेली नाही. बाकी सगळं सांगितलं.

घरी आल्यावर त्यांनी गाडीची किल्ली टेबलावर बायकोसमोर ठेवली. "ही तुमच्याकडे असू दे." बायको म्हणाली, "बाबा, तसं काही नाही हो," आणि किल्ली उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. चिमणीसाठी क्लासची व्हॅन ठरली. ताईने पुढच्या गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेतली, आईच्याच डॉक्टरांची, "नुसतं दाखवून घेऊ, बाबा, मनाची शांती." मला वाटलं होतं की ते उसळतील, माझे हात मोडलेत का म्हणतील. ते म्हणाले, "हो, दाखवूच. तिच्या वेळी आपल्याला उशीर झाला." शनिवारी सकाळी मी मोरीच्या दाराबाहेर दात घासत उभा राहिलो. आतून बादलीचा, तांब्याचा आवाज येत होता. बाकी काही नाही. एक-पाच-तीन नाही, नंबर नाहीत. मी ब्रश तोंडात तसाच ठेवून ऐकत राहिलो, बायको म्हणाली, "काय रे, पुतळा झालास का?" मला थुंकायचं भान राहिलं नव्हतं. काय वाचवलं होतं मी? ताईची दोन वाक्यं आणि बायकोची एक नजर. त्याच्या बदल्यात एका शहाण्या माणसाला त्याच्याच आठवणीबद्दल संशय विकला होता, आणि त्याने तो निमूटपणे घेतला होता, कारण विकणारा मुलगा होता. लाज वाटली. लाज हा शब्द मी एरवी फार सढळ हाताने वापरतो, पण त्या सकाळी ती अंगावर खाज उठावी तशी उठली.

गॅलरीत, कुंड्यांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना फिल्टर पडला होता. तेलाची वस्तू बाबा कधी कचऱ्यात टाकत नाहीत, भंगारवाल्यासाठी ठेवतात. शनिवारी दुपारी सगळे झोपल्यावर मी तो उघडला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. कडेची खाच रिकामी होती. बघायला किती वेळ लागला? डोळ्याची पापणी लवते तेवढा. लहान मुलालाही दिसलं असतं. मी आतापर्यंत उगाच थोडी आशा धरून होतो की कदाचित बघूनही कळलं नसतं, तेल होतं, सावली होती. छे! रिकामी खाच माझ्याकडे बघत होती आणि आता ढिगाने वेळ होता, फोन येत नव्हता. मी बायकोला उठवून सगळं सांगितलं. तिने लगेच विश्वास ठेवला. लग्नाला चौदा वर्षं झाली, ती मला ओळखते. "मग गॅरेजात का नाही बोललास?" एवढंच तिने विचारलं आणि कूस बदलली. ताईला फोन केला. तिने मात्र शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे बघ, त्यांना बरं वाटावं म्हणून तू अंगावर घेतोयस, चांगलं आहे. त्यांना सांग हवं तर. पण मला नको सांगूस. निदान आपण दोघांनी तरी डोळे उघडे ठेवायला हवेत." मी म्हणालो, "अगं ताई, खरंच—" ती म्हणाली, "तू लहानपणापासून असाच आहेस, मऊ." मऊ! मला हसावं की रडावं कळेना.

रविवारी दुपारी बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. पेपर मांडीवर होता, पण पान उलटत नव्हतं. मी स्टूल ओढलं, फिल्टर त्यांच्या हातात दिला आणि एका दमात सांगून टाकलं. "बाबा, तुम्ही विचारलं होतंत. रिंग आली का बघ, असं म्हणालात, राजे म्हणालात. मी फोनवर होतो. न बघता 'आलीय' म्हणालो. गॅरेजात मला आठवत होतं. ताईसमोर बोलायची छाती झाली नाही. चूक माझी आहे, तुमची नाही. तुमची आठवण ठणठणीत आहे." बाबांनी फिल्टर फिरवून बघितला, अंगठा खाचेवरून फिरवला. "रिकामी आहे," ते म्हणाले. "असणारच. रिंग इंजिनाला होती ना." मी फोन काढला. "हे बघा, मागच्या रविवारी, दहा वाजून बेचाळीस मिनिटं, सहा मिनिटांचा फोन. त्याच वेळी तुम्ही फिल्टर दिलात." त्यांनी फोनकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि हसले. इतकं मायेने त्यांनी माझ्याकडे बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

"राजे," ते म्हणाले, "तुला आठवतं, तुझी आई दिवसातून दहादा विचारायची, मी कुंड्यांना पाणी घातलं का? आणि आपण म्हणायचो, घातलंस की." मी म्हणालो, "बाबा, हे तसं नाही." "ऐक तर. मीच तुम्हा दोघांना सांगितलं होतं, तिला खोडायचं नाही, ती म्हणेल ते हो. एकदा तिचा विश्वास बसेना. रडायलाच लागली. तू तेव्हा इथे आलास, गुपचूप सगळ्या कुंड्यांना पाणी घातलंस आणि तिला हाताला धरून आणलंस. बघ आई, माती ओली आहे, तूच घातलंस, मी बघितलं. तिने मातीत बोट घालून बघितलं आणि गप्प झाली. मी आतून बघत होतो. मला तेव्हा वाटलं, पोरगा गुणी आहे." त्यांनी फिल्टर पुन्हा कागदात गुंडाळायला घेतला, कोपरे नीट दुमडत. "आता माझ्यासाठी माती ओली करतोयस. कर. मला वाईट नाही वाटत." "बाबा, शप्पथ घेतो. चिमणीची शप्पथ." ते एकदम कडक झाले. "पोरीची शप्पथ कशाला घेतोस? एवढं करायची गरज नाही. मी घाबरलेलो नाही." ते घाबरलेले होते. कागदाचा शेवटचा कोपरा त्यांना दुमडता येईना. मी तो दुमडला. मी आयुष्यभर जे जे प्रेमाने खोटं बोललो ते सगळं त्या खुर्चीभोवती गोळा होऊन उभं होतं, आणि त्यात हे एकच खरं, त्याच कपड्यांत, त्याच आवाजात. कसं ओळखावं बिचाऱ्याने?

मग गुरुवार आला. ताई तिची गाडी घेऊन खाली थांबली होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. बायको कामावर, चिमणी शाळेत, म्हणून घर बंद करायचं होतं. कुलूप बाबांनीच लावलं. मी मुद्दाम त्यांना लावू दिलं, आणि मुद्दाम बघत उभा राहिलो. हल्ली मी सगळं बघतो, दुधाचं पातेलं, नळ, दिव्याची बटणं, बघून बघून डोळे दुखतात. त्यांनी किल्ली दोनदा फिरवली, कुलूप एकदा ओढलं, किल्ली वरच्या खिशात टाकली आणि खिशावर हात दाबला. आम्ही सावकाश जिने उतरलो, प्रत्येक वळणावर त्यांच्या गुडघ्यांसाठी थांबत. खाली पोचलो, ताईने गाडीचं मागचं दार उघडलं, आणि बाबा तिथेच उभे राहिले. "राजे, मी कुलूप लावलं का रे?"

"लावलंत," मी म्हणालो. "मी बघितलं, बाबा. दोनदा किल्ली फिरवलीत, ओढून बघितलंत. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. गॅलरीतलं तेच मायाळू हसू. "हो का? बरं," ते म्हणाले, माझ्या दंडावर थोपटलं आणि वळून परत जिन्याकडे निघाले. मी म्हणालो, "थांबा, मी जाऊन बघून येतो." "नको," ते म्हणाले, "तू बस गाडीत. मीच बघतो." ताई म्हणाली, "काय झालं?" कठड्याला धरून, एक पाय वर, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, असे ते चढत होते. पहिला मजला झाला तेव्हा ते थांबले, मग पुन्हा पावलं वाजू लागली, मग दुसरा. मी खाली, मान वर करून उभा होतो. बऱ्याच वेळाने वरून कुलूप ओढल्याचा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा.